गिव्ह अप म्हणजे आपल्या मनानं सोडणं

गुरुजी, काल सातवीच्या वर्गात गिव्ह अप शिकवलं. दरवर्षी शिकवतो. दरवर्षी तो तास आला की तुमची आठवण येते, आणि हातावरचा खडू झटकला की तीही जाते. काल गेली नाही, म्हणून आज रविवारी दुपारी लिहायला बसलो आहे. बायको बाजारात गेली आहे, करंट गेलेला आहे, आणि मी आदिलाबादलगतच्या मावल्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलो आहे. थकलोय हो फार. दिवसभर उभं राहून शिकवल्याचा थकवा मला ओळखीचा आहे, तो झोपलं की उतरतो. हा उतरत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वयानं मी तुमच्या पुढे निघून गेलो. आता तुम्ही समोर आलात तर तुम्हाला खुर्ची द्यायला उठताना मलाच कंबर धरावी लागेल. तरी मी तुम्हाला गुरुजीच म्हणणार आणि तुम्ही मला लेकाच म्हणणार, त्यात बदल नको.

मी इंग्रजीचा मास्तर झालो हे तुम्हाला ठाऊक नाही. आपलं गाव वांकिडी आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून सगळं आदिलाबादच आहे. मी आदिलाबादजवळच्या एका सरकारी शाळेत, मराठी वर्गांना शिकवतो. पोरं घरी मराठी बोलतात, रस्त्यावर हिंदी, आणि भांडण जरा रंगलं की तेलुगू. इंग्रजी ती फक्त माझ्याशी बोलतात आणि तीसुद्धा तुमच्याच नियमानं. मराठीत काय वाटेल ते बोला, इंग्रजीत वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातलं राम मँगो खातो चालणार नाही. स्वतःच्या घरचं, स्वतःच्या अंगावरचं सांगा. हा नियम माझा नाही, तुमचा आहे, हे मी कुणाला सांगत नाही. इतकी वर्षं फुकटचा मान घेतो आहे.

काल एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "माय ग्रँडफादर गेव्ह अप बिडी." मी विचारलं, खरंच का? ती म्हणाली, "हाव सर. आजीनं बिडीचा कट्टा चुलीत टाकला तवापासून." लगेच मागून एक जण ओरडला, "मंग त्याईनं काई नाई सोडली, आजीनं सोडवली!" वर्ग हसला. गिव्ह अप म्हणजे आपल्या मनानं सोडणं, हे मी नुकतंच सांगितलं होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण पोरगी बसली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पन मंग त्याईनं दुसरा कट्टा आनला का? नाई आनला ना!" मी तिला शाबासकी दिली आणि वाक्य फळ्यावर लिहिलं. मग कुणीतरी विचारलं, "सर, तुमी काय गिव्ह अप केलं?" मी म्हणालो, "आय गेव्ह अप शुगर." ते खरं आहे. डॉक्टरनं साखर बंद केली त्याला बरेच महिने झाले, बिनसाखरेचा चहा मी गपगुमान पितो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शर्टाच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी होती आणि ती पोरांना बाहेरूनही दिसत होती.

तुमच्याही खिशात असायची. पांढरा शर्ट, खिशाच्या खाली लालसर ठिपके, आणि आत पन्नीत घोटलेला खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, तुम्हाला काय सांगायचं. प्रार्थना झाली की तुम्ही शाळेमागच्या कडुनिंबाकडे जायचे, थुंकून चूळ भरायचे, आणि वर्गाच्या दारात पोचेपर्यंत नवा खर्रा गालात गेलेला असायचा. इंग्रजी तुम्ही हनुवटी वर करून बोलायचे. मान मागे, ओठ जेमतेम उघडे, नजर छताच्या कौलांवर. आम्हाला वाटायचं इंग्रजी ही भाषाच अशी आहे, ती बोलताना साहेबासारखं वर पाहावं लागतं. ओठ नीट मिटून प म्हटलं तर रस बाहेर येईल, म्हणून तुमचा प हा फच्या वाटेनं निघून जायचा. तुम्ही गिव्ह अफ म्हणायचे, आम्ही पन्नास पोरं हनुवट्या वर करून एका सुरात गिव्ह अफ म्हणायचो. शेजारच्या वर्गातल्या पोरांना आम्ही त्या वेळी चिमण्यांची पिल्लं दिसत असू.

तो दिवस मला चांगला आठवतो. बाहेर कापसाच्या गाड्या जात होत्या आणि अर्धा वर्ग खिडकीत होता. तुम्ही फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि म्हणालात, "गिव्ह म्हंजे देनं, अप म्हंजे वरतं. आता हे दोघं एका घरात राहाले आले तं त्याईचा अर्थ बदलला. गिव्ह अप म्हंजे सोडून देनं. पन नीट ऐका, पोट्टेहो. हातातून पडलं तं ते गिव्ह अप नाई. कोनं हिसकून नेलं तं तेबी नाई. आपल्या मनानं सोडलं, तवाच गिव्ह अप." मग तुम्ही एकेकाला वाक्य विचारत आलात. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आय गेव्ह अप मँगो." ऐकायला छान वाटलं म्हणून म्हणालो. तुम्ही थांबलात. "काऊन रे? आंबे काऊन सोडले?" तुम्ही माझा कान धरला नाहीत, नुसतं वाकून म्हणालात, "मराठीत काय थापा माराच्या त्या मार लेका. ती तुयी मायबोली हाय, ती तुले माफ करन. इंग्रजी परकी हाय, तिच्यापाशी खोटं नाई बोलाचं." त्यानंतर मला वाक्य मिळालं नाही आणि तास संपेपर्यंत मी उभा होतो.

त्याच तासाला पटवाऱ्याचा पोरगा, जो कुणालाच भीत नसे, तो उठून म्हणाला, "गुरुजी, मंग तुमी खर्रा गिव्ह अप करा ना." तुम्ही हसलात. इतके हसलात की कडुनिंबापर्यंत जाऊन यावं लागलं. परत येऊन म्हणालात, "करतो. रोज सकाळी मले इचाराचं. इंग्रजीत इचाराचं." आणि तेव्हापासून रोज प्रार्थना झाली की सगळा वर्ग उभा राहून ओरडायचा, हॅव यू गिव्हन अप खर्रा, सर? तुम्ही हनुवटी वर करून म्हणायचे, नो, आय ॲम गिव्हिंग अप. सोडून राह्यलो. दिवाळी आली, गेली, तुम्ही सोडूनच राहिला होतात. आमच्या गावच्या पोरांचा चालू काळ जिल्ह्यात कुणाचा नसेल इतका पक्का झाला. पुढे पुढे आम्ही विचारताना हसायचो, तुम्हीही हसायचे, आणि खरं सांगायचं तर तुम्ही सोडावा असं आमच्यापैकी कुणाला मनातून वाटत नव्हतं. सोडला असता तर सकाळची गंमत गेली असती.

आणि मग एका सोमवारी आम्ही ओरडलो आणि तुम्ही वर न पाहता, सरळ आमच्याकडे पाहून म्हणालात, येस. आय हॅव गिव्हन अप खर्रा. आधी कुणाला कळलंच नाही. मग पटवाऱ्याच्या पोरानं बाक वाजवला आणि सगळा वर्ग वेडा झाला. तुम्ही धोतराच्या सोग्यात बोरं आणली होती, ती वाटलीत. आम्ही बोरं खात होतो आणि तुम्ही पाहत होता. एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, तुमी घ्या ना." तुम्ही म्हणालात, "मायी खाऊन झाली." तुमचा शर्ट त्या दिवशी स्वच्छ होता. घरी जाऊन मी बापाला सांगितलं, आमच्या गुरुजींनी खर्रा सोडला. बाप वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होता, तो म्हणाला, "मानूस पक्का हाय." मला इतका अभिमान वाटला, जसं काही मीच सोडला होता.

त्यानंतर तुम्ही दुपारची भाकर आमच्यासोबत खायचं बंद केलंत. आधी तुम्ही आमच्या पंगतीत बसून कुणाचा ठेचा, कुणाची चटणी चाखायचे. आता घरून लोटाभर ज्वारीची आंबील यायची आणि ती तुम्ही भिंतीकडे तोंड करून प्यायचे. आम्हाला वाटलं काही उपासतापास असेल. खर्रा सोडल्याचं व्रत असेल, असंही कुणीतरी म्हणालं आणि ते आम्हाला पटलं. चहा बशीत ओतून, बशी कडेनं ओठांना लावून तुम्ही ओढायचे. बोलणंही कमी झालं. वाचून दाखवायचं काम आमच्यापैकी एकाला द्यायला लागलात. ती पाळी बहुतेक वेळा माझ्यावर यायची, आणि मी मान मागे टाकून, कौलांकडे पाहत, तुमच्यासारखं वाचायचो.

दहावीच्या उन्हाळ्यात तुम्हाला नागपूरला नेलं. परत आलात तेव्हा गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं होतं आणि बोलणं संपलं होतं. मी बापासोबत भेटायला आलो. काकूंनी आम्हाला पाणी दिलं. बाप काही बोलेना, तुम्हाला बोलता येईना, म्हणून मीच बोललो. तुम्हाला आनंद व्हावा म्हणून इंग्रजीत बोललो. आय गॉट गुड मार्क्स, सर. वाक्य खरं होतं. तुम्ही हात वर केलात, आणि माझी हनुवटी धरून खाली केलीत. पुन्हा मी काहीतरी म्हणालो, पुन्हा हनुवटी वर गेली, पुन्हा तुम्ही ती हळूच खाली केलीत. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं तुम्ही लाड करता आहात. बापालाही तसंच वाटलं, रस्त्यानं तो म्हणाला, किती जीव आहे त्याईचा तुयावर. आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. तोंडाचं दुखणं, एवढंच म्हणायचे लोक. पोळ्याच्या सुमाराला तुम्ही गेलात.

त्या हनुवटीचा अर्थ मला आदिलाबादला मास्तरकीच्या मुलाखतीत कळला. समोर एक साहेब होते, मी हनुवटी वर करून उत्तर द्यायला लागलो, तर ते मध्येच म्हणाले, "मुँह में क्या है? थूक के आओ." माझ्या तोंडात काही नव्हतं हो गुरुजी. आयुष्यात तोवर मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. मी बाहेर गेलो, नळावर उगीच चूळ भरली, आत येऊन हनुवटी छातीला टेकवून बोललो आणि नोकरी मिळाली. बाहेर आल्यावर एकटाच हसलो आणि मग हसताना रडू आलं. तुम्हाला शेवटी तेवढं तरी दुरुस्त करायचं होतं. मग हीच गोष्ट मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगायला लागलो, आणि ज्यांना सांगायचो त्यांतलाच एक जण नेरडीगोंड्याच्या शाळेत, निवडणुकीच्या ड्युटीवर, हसता हसता पन्नी पुढे करून म्हणाला, घ्या मास्तर, आता खरंच टाका तोंडात. मी टाकला. इतकी साधी गोष्ट आहे. कुणाचं दुःख नव्हतं, कसली संगत वगैरे नव्हती. जेवण झालं होतं, सावली होती, आणि बरं वाटलं.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही ते जगलेले आहात. बायको म्हणते खर्रा मायी सवत हाय, फक्त ती सयपाक करत नाई एवढंच. तिनं पन्न्या फेकल्या, देवाच्या शपथा घातल्या, अबोला धरला, आणि आता ती दमली आहे. परवा किराण्याची यादी विचारावी तशी म्हणाली, "बाजारात चालले. तुमचं काई आनाचं हाय का?" काय आणायचं ते तिनं उच्चारलं नाही. भांडत होती तोवर मला आधार होता, हे तेव्हा कळलं. मीही पुष्कळदा सोडला आहे. वाढदिवसाला सोडला, पाडव्याला सोडला, लेकीच्या लग्नात तर मांडवातच सोडला. दर वेळी सोडताना खरंच सोडला होता. या सोडण्यानं आणि पुन्हा धरण्यानंच मी असा पिळून निघालो आहे, गुरुजी. खर्ऱ्यानं जेवढा थकलो नसेन तेवढा सोडून थकलो.

लेक नागपूरला असते, बँकेत आहे. ती लहान असल्यापासून आमच्या घरातही तुमचाच नियम. तिला खोटं बोलायचं असलं की ती मराठीत उत्तर द्यायची. फ्रीजमधली साय कुणी खाल्ली असं मी इंग्रजीत विचारलं की ती म्हणायची, "मांजरीनं खाल्ली असन, बाबा." मग आम्ही दोघं हसायचो. मागच्या महिन्यात ती आली होती, आम्ही गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खायला गाड्यावर गेलो. गाडीवाल्यानं पुरी भरून हातात दिली आणि ती माझ्या तोंडात जाईना. मी ती बोटांनी फोडली, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. लेक पाहत होती. म्हणाली, "बाबा, तुमचं तोंड काऊन उघडून नाई राह्यलं?" मी म्हणालो पुऱ्याच मोठ्या केल्या त्यानं. मराठीत म्हणालो. तिनं तिची प्लेट तशीच खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होता, तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलत होता. म्हणाला, मास्टरजी, अपनी तीन उंगलियाँ खडी करके मुँह में डालो. निरोगी माणसाची तीन बोटं एकावर एक आत जातात म्हणे. माझी दोनच गेली, तीही कण्हत. गालाच्या आत त्यानं बॅटरी मारली, पांढरं काहीतरी दिसलं, ते त्याला आवडलं नाही. मी खुर्चीत बसलो होतो, स्वतःची बोटं स्वतःच्या दातांत अडकलेली, आणि त्या क्षणी, गुरुजी, मला तो सोमवार दिसला. बोरं दिसली. मायी खाऊन झाली. भिंतीकडे तोंड करून प्यायलेली आंबील, बशी कडेनं ओठांना लावणं, सगळं एकदम. तुम्ही खर्रा सोडला नव्हता. तुमच्या तोंडात तो जात नव्हता. डॉक्टरला वाटलं मला दुखतंय, म्हणून त्यानं माझा हात बाजूला केला.

तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतो आहे. तुम्हीच शिकवलंत ना, हिसकून नेलं तर ते गिव्ह अप नाही? मग त्या सोमवारी पन्नास पोरांसमोर तुम्ही काय सांगितलंत? आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या बापानं वाफ्यात उभं राहून तुम्हाला पक्का माणूस म्हटलं. मला तुमचा राग येतो, आणि मेलेल्या माणसाचा राग आला की तो कुठे ठेवावा ते कळत नाही. त्या दिवशी तुम्ही आम्हाला नुसतं तोंड उघडून दाखवलं असतंत, की पाहा पोट्टेहो, एवढंच उघडतं, तर आमच्यातला एखादा तरी वाचला असता. आता त्या वर्गातले कितीतरी जण खातात. पटवाऱ्याचा पोरगा तर पानठेलाच चालवतो, आणि मला पाहिलं की उठून नमस्कार करून घोटायला लागतो. मग रात्रीतून राग उतरतो आणि वाटतं, की तुम्ही कुठल्या तोंडानं सांगणार होतात. मास्तर माणूस. रोज पोरं हसत विचारतात आणि एका सकाळी तुम्हाला कळतं की आता उत्तर बदललं आहे. कदाचित त्या एका दिवशी तुम्हाला आम्ही टाळ्या वाजवायला हवे होतो. कालच्या त्या पोरीच्या हिशेबानं तर तुमचं वाक्य खरंही ठरेल. कट्टा चुलीत गेला, आणि दुसरा तुम्ही आणला नाहीत. आणायचा असता तरी ठेवणार कुठे होतात, हे मात्र मी तिच्यासमोर बोललो नसतो.

नागपूरला जाऊन आलो. गालातला छोटा तुकडा काढून तपासायला दिला आहे, त्याचं काय ते उद्या कळणार. आज सकाळी लेकीचा फोन आला. रात्री न्यायला येते म्हणाली, उद्याच्या गाडीची वेळ सांगितली, कोणते कागद घ्यायचे ते सांगितलं, आणि मग जरा थांबून तिनं इंग्रजीत विचारलं, "बाबा, हॅव यू गिव्हन इट अप?" डॉक्टरनं सांगितलं होतं, रिपोर्ट काहीही येवो, खर्रा आजपासून बंद, कल से नहीं. मी म्हणालो, "हाव बेटा, सोडला ना. तवाच सोडला." मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, "इंग्रजीत सांगा, बाबा." मी म्हणालो, हॅलो, हॅलो, इथं सिग्नल नाई. ती रडत नव्हती. नुसती फोन धरून बसली होती, आणि मी इकडे हॅलो हॅलो करत होतो.

माझं तोंड अजून दोन बोटं उघडतं. म्हणजे तुमच्या व्याख्येप्रमाणे मला अजून संधी आहे, तुमची निघून गेली होती. आपल्या मनानं सोडायचं तर आत्ताच, उद्याच्या कागदावर काय असेल ते कळायच्या आधी. नंतर सोडला तर तो भीतीनं हिसकून नेलेला असेल. हे सगळं मला कळतं, शिकवायला सांगा, फळ्यावर नीट मांडून शिकवीन. बायको आता येईल. तिनं सकाळीच सांगून ठेवलं आहे, उद्या पहाटे निघायचं तर आज हलकं जेवायचं, आंबील करते. तिखट तर मला खाता येतच नाही. लेक आणि ती दोघी मिळून मला नागपूरला नेणार, मधल्या सीटवर बसवणार, आणि पांढरकवडा मागे पडलं की लेक पुन्हा विचारणार. ती तुमची नात शोभेल, सोडत नाही.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. घडी घालून ठेवून देईन. बायकोशी आणि लेकीशी जे बोलायची छाती नाही तेवढंच तुम्हाला सांगतो, कारण तुम्हाला ते मराठीतही खोटं वाटणार नाही. मला खर्रा सोडायचा नाही, गुरुजी. अजूनही नाही. मला फक्त मरायचं नाही.